नेमणुकीच्या पत्रातील एक शब्द

जून महिना लागून पंचगंगेचे पाणी गढूळ होऊ लागले म्हणजे कोल्हापुरातील शाळा उघडतात, आणि नव्या शिक्षकांच्या हाती नेमणुकीची पत्रे पडू लागतात. हे नगर शाळांचे व वसतिगृहांचे. शाहू छत्रपतींनी १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले, १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा हुकूम काढला. १९६२ साली येथे शिवाजी विद्यापीठ निघाले. तेव्हा शिक्षकाची नोकरी या जिल्ह्यात घरोघरी ठाऊक आहे. परंतु ती कोणत्या शर्तीवर लागते, हे मात्र ज्याला ती लागली त्यासही पुष्कळदा ठाऊक नसते.

समजा, भुदरगडकडील एका शेतकऱ्याचा मुलगा बी. एड. होऊन कोल्हापुरातील एखाद्या खाजगी शाळेत लागला. पत्र येताच तो त्यातील पगाराचा आकडा वाचतो, आई ते पत्र देवापुढे ठेवते, आणि मग ते पेटीच्या तळाशी जाते. त्या पत्रात एक शब्द असा असतो की, पुढील दोन वर्षांचे भवितव्य त्यावर लोंबकळत राहते. तो शब्द ‘परिवीक्षाधीन’ आहे की ‘तात्पुरता’, हे मात्र कोणीच पाहिलेले नसते.

खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींविषयी महाराष्ट्राने १९७७ चा कायदा केला व तो १९८१ च्या जुलैपासून अंमलात आला. त्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे, कायम जागेवर नेमलेल्या शिक्षकाची परिवीक्षा, म्हणजे पारखून पाहण्याचा काळ, दोन वर्षांचा असतो. तो नीट पार पडला म्हणजे शिक्षक कायम झाला असे समजण्यात येते; त्यासाठी संस्थेच्या चिटणीसांच्या घरी खेटे घालावे लागत नाहीत. उलट, ‘तात्पुरता, अमुक तारखेपर्यंत’ अशी नेमणूक असेल तर ती तारीख उलटताच नोकरी संपते. १९९७ साली हिंदुस्थान एज्युकेशन सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे नेमका हाच प्रश्न आला होता. जागा रिकामी होती, नेमणूक अकरा महिन्यांची व तात्पुरती होती; अशा नेमणुकीस परिवीक्षा म्हणता येत नाही, असा निकाल झाला. जागा कायमची असली म्हणजे माणूसही आपोआप कायम होतो, ही समजूत त्या निकालाने पार ढासळली. निकाल कायद्यास धरून असेल. परंतु कायम जागेवर अकरा-अकरा महिन्यांची माणसे बसविण्याची वाट त्यामुळे संस्थांना मोकळी झाली, हेही नाकारता येत नाही.

परिवीक्षेच्या काळात काम किंवा वर्तन समाधानकारक नाही असे व्यवस्थापनास वाटले, तर एक महिन्याची नोटीस अथवा तिच्याऐवजी एक महिन्याचा पगार देऊन त्यास शिक्षकाला दूर करता येते. हा अधिकार मोठा आहे; पण तो लहरीवर सोडलेला नाही. १९८१ च्या नियमांत असे म्हटले आहे की, परिवीक्षाधीन माणसाच्या कामाची पारख मुख्याध्यापकाने निःपक्षपातीपणे करावी आणि त्या पारखीची नोंद ठेवावी. जे मुख्याध्यापक बावीस महिने वर्गाच्या दाराशीही फिरकले नाहीत, त्यांस तेविसाव्या महिन्यात एकाएकी अध्यापनातील दोष दिसू लागले, तर शंका घ्यावयास जागा राहते. यास्तव नव्या शिक्षकाने आपले पाठ कोणी व कोणत्या दिवशी पाहिले, काय शेरा दिला, हे आपल्या वहीत टिपून ठेवणे इष्ट.

गिरणी-कारखान्यांकडे पाहिले म्हणजे शिक्षकाची स्थिती किती बरी, हे ध्यानात येते. १९४६ च्या कायद्याखालील केंद्राच्या नमुना-आदेशांत कामगाराची परिवीक्षा तीनच महिन्यांची होती, पण तेवढ्या काळात त्याला काढावयाचे झाल्यास एका दिवसाचीही नोटीस लागत नसे. तो कायदा २१ नोव्हेंबर २०२५ रोजी नव्या औद्योगिक संबंध संहितेत विलीन झाला.

नोटिशीचे बंधन एकतर्फी नाही. दुसरीकडे चांगली जागा मिळाली म्हणून सत्राच्या मध्येच खडू खाली ठेवून निघून जाणारा शिक्षक दहावीच्या मुलांना उघड्यावर टाकतो. म्हणून कायम शिक्षकाने तीन महिन्यांची आणि कायम नसलेल्याने एक महिन्याची आगाऊ सूचना द्यावी, असा नियम आहे. तितक्या मुदतीचे मूळ वेतन भरल्यास व्यवस्थापन त्यास लवकरही मोकळे करू शकते. राजीनाम्याची रीतही कायद्याने बांधून दिली आहे. त्याच्या दोन प्रती काढाव्या, दोहोंवर सही करून तारीख घालावी, एक प्रत रजिस्टर टपालाने व्यवस्थापनाकडे पाठवावी व दुसरी स्वतःजवळ ठेवावी. ही एवढी सावधगिरी कशासाठी, असे कोणास वाटेल. परंतु रुजू होण्याच्या दिवशीच कोऱ्या कागदावर सही घेऊन ठेवण्याचा प्रकार ज्यांनी ऐकला आहे, त्यांस रजिस्टर टपालाच्या त्या पावतीचे मोल सांगावयास नको.

२००० साली शिक्षणसेवकांची योजना आली आणि दोन वर्षांच्या जागी तीन वर्षे झाली. प्राथमिक शाळेतील सेवकास आरंभी महिना ३,००० रुपये मानधन मिळे. २०२३ पासून ते १६,००० रुपये करण्यात आले. पारख करावयाची म्हणून कमी पैसा देणे हे पारखीचे अंग नव्हे. शिकविण्याचे काम तर पहिल्या दिवसापासून पुरेच करावे लागते, आणि खोलीचे भाडे घेताना घरमालक परिवीक्षा विचारीत नाही.

नोकरीवरून दूर केल्याचे पत्र आलेच, तर शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. असे एक न्यायाधिकरण कोल्हापुरातच आहे. मुदत तीस दिवसांची, आणि ती पत्रावरील तारखेपासून नव्हे, तर पत्र हाती पडल्या दिवसापासून मोजावयाची. पुष्कळजण हे दिवस संस्थेच्या अध्यक्षांची मनधरणी करण्यात घालवितात. मनधरणी करावयास हरकत नाही. ती करतानाच वकिलाकडेही जावे, आणि पत्र ज्या पाकिटातून आले ते टपालाच्या शिक्क्यासह जपून बरोबर न्यावे.