गाव कोणतं सांगायचं?



"तुमचं गाव कोणतं?" असं विचारलं की बाबा चटकन "मालवण" म्हणतात. मी मात्र अडखळतो. माझं सारं बालपण इथे अल् खुवैरमध्ये, झवावी मशिदीमागच्या गल्लीत गेलं.

या खेपेला बायको आणि मुलीला घेऊन आलो, तोही पर्यटक व्हिसावर! बाबा निवृत्त झाले, रेसिडेंट कार्ड गेलं आणि २५ वर्षांचा संसार दोन महिन्यांत खोक्यांत भरला. आखातात गाव असं, नोकरी असेपर्यंत आपलं.

परवा शाळेतले आम्ही चौघं कुटुंबांसकट कुरुमच्या किनाऱ्यावर जमलो. २०१३ पर्यंत इथे गुरुवार-शुक्रवार सुट्टी असे, त्यामुळे बुधवारची संध्याकाळ म्हणजे क्रिकेट हे मुलांना पटेचना! मग 'गोनू' निघालं. जून २००७. मी पुण्याहून सुट्टीला आलो होतो. तळमजल्यावरची तिन्ही बिऱ्हाडं आमच्याकडे वर आली होती. नळ कोरडे. आई पिण्याचं पाणी पातेल्याने मोजून देत होती. मित्र म्हणाला, "काकूंनी मला दोन जास्त दिली होती." हे मला माहीतच नव्हतं.

मुलीला मात्र २०२५ मध्ये उभारलेला १२६ मीटरचा ध्वजस्तंभच आवडला.

मंडळाकडे एक मागणं आहे. आमचे गणपतीचे, नाटकांचे फोटो त्या सामानाच्या धांदलीत गेले. तुमच्यापैकी कुणाकडे जुने अल्बम असतील, तर खोकी बंद करण्याआधी मंडळाला द्या. स्कॅन मी करून देतो.