पदवीची निवड आणि वर्गाबाहेरची विद्या

बारावीचा निकाल लागला कीं घरोघरीं एकच प्रश्न विचारला जातो : पुढें काय? ज्या मुलाच्या मनांत एखाद्या विषयाची ओढ आधींच निर्माण झालेली असते, त्याला या प्रश्नाचें भय वाटत नाहीं. परंतु अशीं मुलें थोडीं. बहुसंख्य विद्यार्थी सतराव्या-अठराव्या वर्षीं अनिश्चित असतात, आणि त्यांत त्यांचा कांहीं दोष नाहीं. ज्या विषयांचीं नांवेंही त्यांच्या कानांवर पुरतीं आलेलीं नाहींत, त्यांतून एकाची निवड त्यांनीं कशी करावी? मग वडील सांगतील ती, मित्र जाईल ती, किंवा गुणांच्या हिशेबानें जी पदरांत पडेल ती शाखा पत्करली जाते. आणि घरचा पैसा व स्वतःचीं तीन-चार वर्षें खर्ची पडल्यावर आपली वाट ही नव्हती, असें कळून येतें.

ही अडचण आजचीच नाहीं, आणि केवळ आपल्याच देशाची नाहीं. जीवसृष्टीविषयींच्या विचाराला नवें वळण लावणारा चार्ल्स डार्विन हा एके काळीं असाच अनिश्चित विद्यार्थी होता. त्याला आपली वाट कशी सांपडली, हें पाहिलें असतां या प्रश्नावर पुष्कळ प्रकाश पडतो.

डार्विनचा जन्म १८०९ सालीं इंग्लंडांतील श्रूझबरी या गांवीं झाला. आजा वैद्य, वडील वैद्य. तेव्हां मुलानेंही वैद्य व्हावें हें घरांत ठरल्यासारखेंच होतें. १८२५ सालीं, वयाच्या सोळाव्या वर्षीं, त्याला स्कॉटलंडांतील एडिंबरो विद्यापीठांत वैद्यकाच्या अभ्यासासाठीं पाठविण्यांत आलें. तेथील बहुतेक व्याख्यानें त्याला कंटाळवाणीं वाटलीं. शस्त्रक्रियेपूर्वीं रोग्याला बेशुद्ध करण्याची रीति त्या काळीं प्रचारांत आलेली नव्हती. अशा दोन शस्त्रक्रिया त्यानें पाहिल्या. त्यांतील एक लहान मुलावर चालली होती. त्या पुऱ्या होण्यापूर्वींच तो तेथून पळाला, आणि पुन्हां म्हणून त्या दालनांत त्यानें पाऊल टाकिलें नाहीं. १८२७ सालीं पदवी न घेतांच तो घरीं परतला.

बाहेरून पाहणारास हीं दोन वर्षें फुकट गेलीं असेंच वाटेल. परंतु वर्गाबाहेर त्या दोन वर्षांत काय चाललें होतें, हें पाहण्याजोगें आहे. जॉन एडमन्स्टन नांवाचा एक कृष्णवर्णी गृहस्थ, जो पूर्वीं दक्षिण अमेरिकेंतील गयाना प्रांतांत गुलाम होता, तो एडिंबरो शहरांत मेलेले पक्षी पेंढा भरून टिकविण्याचा व्यवसाय करी. त्याच्याकडे डार्विन ही विद्या शिकला. रोज एक तास, असे दोन महिने, आणि फी एक गिनी. रॉबर्ट ग्रँट या प्राणिशास्त्रज्ञाबरोबर तो समुद्रकांठीं हिंडे, ओहोटीच्या वेळीं खडकांतल्या डबक्यांतून बारीकसारीक जीव गोळा करी आणि ते सूक्ष्मदर्शकाखालीं न्याहाळी. त्या विद्यापीठांत विद्यार्थ्यांची प्लिनियन सोसायटी नांवाची एक मंडळी होती. २७ मार्च १८२७ रोजीं या मंडळीपुढें अठरा वर्षांच्या डार्विननें आपलें पहिलें संशोधन मांडलें. फ्लस्ट्रा नांवाच्या एका सागरी जीवाचीं अंडीं म्हणून जीं समजलीं जात, तीं अंडीं नसून स्वतः हालचाल करणारे डिंभ आहेत, असें त्यानें दाखविलें. या कामासाठीं त्याला कोणी गुण देणार नव्हतें, आणि न केलें तर कोणी विचारणारही नव्हतें.

वैद्यक जमत नाहीं असें पाहून वडिलांनीं त्याला धर्मोपदेशक करण्याचें ठरविलें. त्यासाठीं पदवी पाहिजे. म्हणून १८२८ च्या आरंभीं तो केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजांत दाखल झाला. येथेंही वर्गांतील अभ्यासांत त्याचें मन फारसें रमलें नाहीं. त्याला छंद जडला तो भुंगेरे गोळा करण्याचा. एकदां झाडाची जुनी साल सोलतांना दोन दुर्मिळ भुंगेरे दिसले. ते त्यानें दोन हातांत पकडले. इतक्यांत तिसरा दिसला. तो सोडवेना, म्हणून उजव्या हातांतला भुंगेरा त्यानें तोंडांत टाकिला. त्या किड्यानें असा जहाल रस सोडला कीं जीभ पोळली. तो थुंकून टाकावा लागला आणि तिसराही हातचा गेला. ही गोष्ट हंसण्यासारखी खरी. परंतु ज्या विषयासाठीं माणूस आपण होऊन इतका त्रास सोसतो, तो विषय त्याचा असण्याचा संभव पुष्कळ असतो.

केंब्रिज येथें वनस्पतिशास्त्राचे अध्यापक जॉन हेन्स्लो हे होते. त्यांचा विषय डार्विनच्या पदवीसाठीं लागत नव्हता. तरीही तो त्यांच्या व्याख्यानांस जाई, त्यांच्याबरोबर रानावनांत फिरे. गुरुशिष्य इतके वेळां एकत्र दिसूं लागले कीं, हेन्स्लोंबरोबर फिरणारा तो तरुण, अशीच डार्विनची ओळख होऊन बसली. येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. वर्गाबाहेर एवढें सगळें चाललें असतांही त्यानें परीक्षा टाकिली नाहीं. १८३१ च्या जानेवारींत तो सामान्य पदवीच्या परीक्षेंत १७८ विद्यार्थ्यांत दहावा आला.

आतां भूगर्भशास्त्राची हकीकत ऐकण्यासारखी आहे. एडिंबरोस या विषयावरील व्याख्यानें त्यानें ऐकलीं होतीं, आणि तीं इतकीं नीरस वाटलीं होतीं कीं, या विषयाचें पुस्तक पुन्हां म्हणून उघडावयाचें नाहीं असा त्यानें निश्चय केला होता. परंतु केंब्रिजला हेन्स्लोंनीं त्याला तोच विषय पुन्हां हातीं घेण्यास सांगितलें, आणि १८३१ च्या ऑगस्टमध्यें ॲडम सेजविक या भूगर्भशास्त्रज्ञाबरोबर तो वेल्सच्या डोंगरांत गेला. हातांत हातोडा, समोर प्रत्यक्ष खडक आणि जवळ जाणता गुरु. जो विषय बांकावर बसून मृतवत् वाटला होता, तो येथें जिवंत झाला. आणि पुढें डार्विननें आपलें प्रारंभींचें नांव मिळविलें तें मुख्यतः भूगर्भशास्त्रांतच.

त्या फेरींतून तो घरीं परतला तेव्हां हेन्स्लोंचें पत्र येऊन पडलें होतें. ‘बीगल’ हें जहाज दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याच्या पाहणीस निघणार होतें आणि त्यावर सृष्टिनिरीक्षकाची जागा होती. डार्विन कांहीं पुरा शास्त्रज्ञ झालेला आहे म्हणून हेन्स्लोंनीं त्याचें नांव सुचविलें नव्हतें. गोळा करणें, निरखणें आणि टिपून ठेवणें हीं कामें तो चोख करील, एवढी त्यांची खात्री होती. वडिलांनीं विरोध केला. मामा जोसाया वेजवुड यांनीं त्यांच्या एकेका आक्षेपास उत्तर दिलें, तेव्हां संमति मिळाली. २७ डिसेंबर १८३१ रोजीं जहाज निघालें, तें १८३६ च्या ऑक्टोबरांत परत आलें. पुढें १८५९ सालीं जातींच्या उत्पत्तीविषयींचा त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पेंढा भरण्याची विद्या, सूक्ष्मदर्शकाची संवय, भुंगेऱ्यांचा छंद, खडकांची ओळख, हें सर्व त्या प्रवासांत उपयोगी पडलें. आणि यांतील एकही गोष्ट त्याच्या पदवीच्या अभ्यासक्रमांत नव्हती.

या हकीकतींतून निघणारा बोध असा कीं, विषयाची पहिली भेट वर्गांत होत असली, तरी त्याची खरी पारख वर्गाबाहेर होते. वर्गांत विषयाबरोबर अध्यापकाची हातोटी, परीक्षेची धास्ती आणि शेजाऱ्याशीं चाललेली स्पर्धा येऊन मिसळते. त्यामुळें कंटाळा आला तो विषयाचा कीं शिकविण्याच्या पद्धतीचा, हें उमगत नाहीं. उलट बाजूही तितकीच खरी आहे. एखादें रसाळ व्याख्यान ऐकून किंवा चित्रपट पाहून विषय आवडूं लागतो. पण ती आवड म्हणजे रुचि नव्हे. प्रत्येक विद्येंत कष्टाचा आणि रुक्षपणाचा एक भाग असतो. ताऱ्यांच्या शास्त्रांत किचकट गणित असतें, इतिहासांत न लागणारीं अक्षरें असतात, कायद्यांत कलमांचें रान असतें. तो भाग कोणी सक्ती न करतां जो पुनःपुन्हां करावासा वाटतो, तेथें रुचि आहे असें समजावें.

यावर कोणी म्हणेल कीं डार्विन सुखवस्तु घरचा मुलगा. त्याला दोनदां वाट बदलणें परवडलें. हें म्हणणें रास्त आहे. परंतु त्यावरून निघतें तें उलटच. ज्या घरीं कर्ज काढून फी भरावयाची असते, त्या घरच्या मुलाला चुकीची निवड परवडत नाहीं. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वीं विषय पारखण्याची गरज त्यालाच अधिक आहे. समुद्रकांठीं हिंडण्यास किंवा झाडाची साल सोलण्यास पैसा फारसा लागत नाहीं. लागतो तो वेळ आणि नेट.

आपल्याकडचें उदाहरण पक्षितज्ज्ञ सालिम अली यांचें आहे. शाळकरी वयांत त्यांनीं मारलेली एक वेगळीच चिमणी, गळ्यावर पिवळा ठिपका असलेली, ओळखून घेण्यासाठीं ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटींत गेले, आणि तेथील डब्ल्यू. एस. मिलर्ड यांनीं त्यांना पक्ष्यांचा संग्रह दाखवून वाचावयास पुस्तकें दिलीं. पुढें सेंट झेवियर्स कॉलेजांतील पहिलें वर्ष कष्टाचें गेलें, आणि ते घरच्या व्यवसायासाठीं ब्रह्मदेशांत गेले. १९१७ सालीं परत आल्यावर ते व्यापारी कायदा व हिशेब शिकूं लागले. त्याच वेळीं फादर ब्लॅटर यांच्या आग्रहावरून झेवियर्समध्यें प्राणिशास्त्राच्या वर्गासही जाऊं लागले. विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशीं नव्हती, आणि त्यामुळें पक्षिशास्त्रज्ञाची एक सरकारी जागा त्यांच्या हातून गेली, हेंही सांगितलें पाहिजे. नंतर बर्लिन येथें एर्विन स्ट्रेसमान यांच्यापाशीं त्यांनीं या शास्त्राचें रीतसर शिक्षण घेतलें, आणि १९४१ सालीं भारतीय पक्ष्यांवरील त्यांचें पुस्तक प्रसिद्ध झालें. तात्पर्य, वर्गाबाहेरची विद्या ही पदवीची वैरीण नव्हे. ती वाट दाखविते. पदवी त्या वाटेवरील नाकीं उघडते. दोहोंचीही गरज असते.

आज महाराष्ट्रांतील विद्यार्थ्याला अशी पारख करण्याचीं साधनें दुर्मिळ नाहींत. मिलर्ड यांची ती सोसायटी १८८३ पासून आहे. इतिहासाची गोडी ज्याला वाटते, त्यानें १९१० सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळांत जाऊन जुने कागद कसे असतात तें एकदां पाहावें आणि मोडी लिपी शिकण्याचा यत्न करावा. आकाशाचें वेड असणारास पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे. विज्ञानाची आवड असणारास १९६६ सालीं स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद आहे. लहान गांवांत राहणारास मराठी विश्वकोश घरबसल्या वाचतां येतो, आणि २०१७ सालीं सुरू झालेल्या ‘स्वयं’ या सरकारी योजनेंतील विद्यापीठाच्या तोडीचे पाठ विनामूल्य ऐकतां येतात. फी पडते ती प्रमाणपत्राच्या परीक्षेपुरती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें एका शाखेंत राहून दुसऱ्या शाखेचे विषय घेण्यासही वाव दिला आहे. परंतु दारें पुष्कळ उघडलीं म्हणजे कोणत्यांतून आंत जावें हें आपोआप कळतें, असें नव्हे.

यासाठीं रीत अगदीं साधी आहे. मनांत घोळणाऱ्या विषयांतून दोन निवडावे. प्रत्येकास तीन महिने आणि रोजचा एक ठराविक तास द्यावा. नुसतें वाचूं नये. कांहीं तरी हातून घडवावें. गांवांतील पक्ष्यांची यादी, एका जुन्या देवळाची हकीकत, पावसाच्या रोजच्या मापाची वही, बाजारांतील भाज्यांच्या भावाचा तक्ता, यांपैकीं कांहींही चालेल. मग तें त्या विषयांतील जाणत्या माणसापुढें ठेवावें आणि तो चुका दाखवील त्या ऐकून घ्याव्या. तीन महिन्यांत कंटाळा आला, तर तोही लाभच समजावा. तीन वर्षांनीं येणारा कंटाळा स्वस्तांत आधींच येऊन गेला. मात्र हें करितांना चालू अभ्यास बुडवूं नये.

आणि वडीलधाऱ्यांनीं एवढेंच करावें कीं, मुलगा किंवा मुलगी अशा उद्योगांत रमली असतां ‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न पहिल्याच आठवड्यांत विचारूं नये. डार्विनच्या वडिलांस शंका होत्या आणि त्या प्रामाणिक होत्या. परंतु शंकांचें उत्तर ऐकून घेण्याचा मोठेपणाही त्यांनीं दाखविला. तेवढा मोठेपणा प्रत्येक घरांत असावा, आणि तेवढा उद्योग प्रत्येक अनिश्चित विद्यार्थ्यानें करावा. म्हणजे प्रवेशाच्या अर्जावर जें नांव लिहिलें जाईल, तें दुसऱ्याच्या सांगण्यावरून नव्हे, तर स्वतःच्या ओळखीनें लिहिलें जाईल.