कल्पकतेची जोपासना

प्रतिभा ही जन्मतःच लाभणारी ईश्वरी देणगी होय, असा समज समाजात फार काळापासून रूढ आहे. तो सर्वस्वी खोटा नाही. परंतु सोयीचा मात्र आहे. देणारा ईश्वर ठरला, की घराला आणि शाळेला काही करावयाचे उरतच नाही. ही समजूत कितपत टिकते, हे भारतीय चित्रपटाचे जनक धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांच्या चरित्रावरून पाहण्यासारखे आहे.

दादासाहेबांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरी एका शास्त्रीबुवांच्या घरी झाला. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला, मूर्तिकाम व छायाचित्रण यांचा अभ्यास केला. गोध्र्यास छायाचित्रणाचा धंदा केला, जादूचे प्रयोग केले, पुराणवस्तू खात्यात नोकरी धरली व सोडली. लोणावळ्यास छापखाना काढला. रंगीत छपाईची माहिती घेण्यासाठी १९०९ साली ते जर्मनीस जाऊन आले. आणि पुढे भागीदारांशी न पटल्यामुळे छापखान्यातूनही बाहेर पडले. वयाची चाळिशी आलेली, पदरी संसार, आणि हातात धंदा नाही! अशा गृहस्थासाठी आपल्याकडे एक म्हण तयारच असते : एक ना धड, भाराभर चिंध्या.

याच सुमारास गिरगावातील एका चित्रपटगृहात त्यांनी ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहिला, आणि याच पडद्यावर आपले राम-कृष्ण का दिसू नयेत, या विचाराने त्यांना पछाडले. तो चित्रपट पाहणारे लोक थोडे नव्हते. मग ही कल्पना फाळक्यांच्याच मनात का रुजली? कारण तिला लागणारी सामग्री तेथे पूर्वीच साठलेली होती. कॅमेरा व रसायने छायाचित्रकाराच्या हाताला परिचित होती. पडदे व देखावे चित्रकाराला साधणार होते. देवतांचे प्रकट होणे आणि अदृश्य होणे जादूगाराला सुचणार होते. यंत्राशी झगडण्याची चिकाटी छापखान्याने दिली होती. लोकांनी ज्यांना चिंध्या म्हटले, त्यांचीच गोधडी शिवली गेली.

परंतु येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. कुजलेल्या चिंध्यांची गोधडी होत नाही; तुकडा लहान असला तरी त्याची वीण घट्ट असावी लागते. फाळक्यांनी अनेक विद्या नुसत्या चाखल्या नाहीत. त्यांतील बहुतेकींवर त्यांनी पोट भरून दाखविले. पुढेही हीच तऱ्हा. चित्रपटाचा छंद लागताच ते रोज चित्रपट पाहू लागले, इतके की डोळ्यांवर ताण पडून काही काळ दृष्टी अधू झाली. १९१२ साली विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते लंडनला गेले आणि तेथे हे तंत्र पाहून, कॅमेऱ्याची खरेदी करून परतले.

तथापि केवळ ज्ञानाने चित्रपट होत नाही. त्यास पैसा लागतो, आणि पैसेवाल्यांना पुरावा लागतो. तेव्हा दादासाहेबांनी कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा त्याच्यासमोर ठेवून रोज थोडे थोडे चित्रण केले. महिनाभराची वाढ पडद्यावर सुमारे मिनिटभरात दिसू लागली : बी उकलले, अंकुर वर आला, वेल डोलू लागली. हा लहानसा पट पाहिल्यावर कर्ज देणारे पुढे आले.

त्या सावकारांच्याही आधी विश्वास ठेवला तो सरस्वतीबाईंनी. त्यांनी आपले दागिने दिले. कोऱ्या फितीच्या कडेला छिद्रे पाडण्याचे किचकट काम अंधारात बसून केले. चित्रित फीत धुण्याची विद्या आत्मसात केली. आणि शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक रांधला. चित्रपटात काम करण्यास स्त्रिया मिळेनात, तेव्हा तारामतीची भूमिका साळुंके नावाच्या तरुणाने केली. रोहिदास झाला तो फाळक्यांचाच मुलगा. अशा रीतीने ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. पडद्यावर नाव एकाचे झळकले, तरी श्रम सबंध घराचे होते.

घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी यातून घ्यावयाचा बोध अवघड नाही. मुलगा घड्याळ उघडून बसला, किंवा मुलगी अभ्यासाची वही चित्रांनी भरू लागली, की 'याचा उपयोग काय?' हा प्रश्न तत्काळ विचारू नये. उपयोग पुष्कळदा वीस वर्षांनी कळतो. त्याऐवजी 'हे पुरे कर' एवढेच म्हणावे. उघडलेले घड्याळ पुन्हा जोडावयास लावावे, आरंभलेले चित्र शेवटास न्यावयास लावावे. कौतुक आणि शिस्त यांत विरोध नाही. रोपट्याला पाणीही हवे आणि काठीचा आधारही हवा. मात्र त्यासाठी घराला थोडी झीज सोसावी लागते, आणि ती एकट्या आईवरच पडू नये, हेही पाहावे.

दादासाहेब १९४४ साली नाशिक येथे निवर्तले. अखेरची वर्षे त्यांनी विपन्नावस्थेत काढली. १९६९ पासून त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार दिला जातो, हे योग्यच झाले. परंतु वृक्ष मोठा झाल्यावर त्याच्या सावलीत बसणारे पुष्कळ असतात. कुंडीत अद्याप काहीच दिसत नाही, अशा वेळी तिला रोज पाणी घालणारे हात घराघरात असावेत, एवढीच अपेक्षा.