वकील की आपण स्वतः?



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्या अकोल्यात कोणाला ठाऊक नाही? पण कोर्टाने बोलावले असता घरी बसणे हेही शहाणपण नव्हे. १८७५ साली आपल्या जिल्ह्यात व पुण्याकडे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्या दंग्याच्या कारणांपैकी एक असे, की कुणबी कोर्टात हजरच होत नसे आणि एकतर्फी हुकूमनामे होत. म्हणून १८७९ च्या कायद्याने न्यायाधीशाला प्रतिवादीची जबानी घेण्यास व रोख्यामागचा व्यवहार तपासण्यास सांगितले.

तो कायदा आज नाही. मग आपले आपण लढावे काय? आम्हांस वाटते, फेरफाराची साधी हरकत स्वतः लिहावी आणि पोच घ्यावी. दिवाणी दाव्यात मात्र समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत द्यावी लागते. मुदत हुकली किंवा पुरावा राहिला, तर खरी बाजूही पडते. तेथे वकीलच हवा. फी परवडत नाही म्हणाल, तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ अन्वये स्त्रियांना व अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. डोंगरातल्या आदिवासी बांधवांना हे कोणी सांगायचे? आपणच.

मात्र वकील दिला म्हणजे आपण सुटलो, असे नव्हे. तारीख आपली, कागद आपले, जमीन आपली. वकीलपत्रावर सही जरूर करावी. डोळे मिटून करू नये.