एक गळ, एक मासा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



गेल्या सर्वसाधारण सभेत आपल्या काही तरुण सभासदांनी मंडळाची सहल लक्षद्वीपला न्यावी अशी सूचना मांडली होती, हे आपणांस स्मरत असेल. सूचनेबरोबर एक रंगीत माहितीपत्रकही सभागृहात हातोहात फिरले. ‘खोल समुद्रातील मासेमारी व बेटांवरील साहससफर’ अशी ठळक अक्षरे त्यावर होती, आणि खाली एक गृहस्थ जवळजवळ आपल्याच उंचीचा मासा दोन्ही हातांनी पेलून हसत उभे होते. कार्यवाह मला म्हणाले, “गुरुजी, तुम्ही तिकडे जाऊन आला आहात. तेव्हा या विषयावर चार शब्द तुम्हीच सांगा.” मी काही दर्यावर्दी नव्हे, आणि शिक्षणही मॅट्रिकपुरतेच. परंतु छत्तीस वर्षे मुलांना नकाशावर पट्टी ठेवून भूगोल शिकविला, आणि निवृत्तीनंतर त्या नकाशातील एक ठिपका प्रत्यक्ष पाहण्याचा योग आला. त्या ठिपक्याविषयी आज बोलावयाचे आहे. त्याचे नाव मिनिकॉय.

लक्षद्वीपची बेटे छत्तीस अशी नोंद आहे. त्यांपैकी मनुष्यवस्ती दहांवरच. सर्वांची जमीन एकत्र केली तरी ती बत्तीस चौरस किलोमीटरच भरते. आपल्याकडील एखाददुसऱ्या मोठ्या गावाची शिवार म्हणा ना! १९५६ साली हा केंद्रशासित प्रदेश झाला, १९६४ साली त्याचे मुख्य ठाणे कोळिकोडहून कवरत्तीस हलले, आणि १९७३ साली त्यास लक्षद्वीप हे नाव मिळाले. मिनिकॉय हे यांतील दक्षिणेकडचे अखेरचे बेट. उत्तरेकडील बेटांपासून ते सुमारे दोनशे किलोमीटर रुंदीच्या ‘नऊ अंश’ खाडीने तुटलेले आहे, आणि दक्षिणेस ‘आठ अंश’ खाडी ओलांडली की मालदीव लागते. म्हणूनच तेथील लोकांची भाषा इतर बेटांप्रमाणे मलयाळम वळणाची नव्हे. ती मालदीवच्या भाषेची सख्खी बहीण आहे. तिला महल म्हणतात, आणि ती उजवीकडून डावीकडे लिहितात. बेटावर अकरा गावे आहेत. प्रत्येक गावाचा एक वडीलधारा प्रमुख असतो, त्यास ‘बोडुकाका’ म्हणतात. हा ‘काका’ शब्द कानी पडला तेव्हा मला फार बरे वाटले! तेथील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या जगभरच्या जहाजांवर खलाशी म्हणून जात आले आहेत, आणि घरची व गावची व्यवस्था पुष्कळ अंशी स्त्रिया पाहतात. आपल्या भगिनींनी याची नोंद घ्यावी.

कोचीहून जहाजाने जावे लागते. प्रवासाचे वर्णन मी करीत नाही. पहिल्या रात्री मी बहुतेक वेळ आवळकाठी चघळीत आडवा पडून होतो, एवढेच सांगतो. पहाटे कोणीतरी हाक मारली म्हणून वर आलो, तो १८८५ साली बांधलेला पांढरा दीपस्तंभ आणि त्याच्या पायाशी माडांची एक काळी रेघ दिसली. बेट चंद्रकोरीसारखे लांबट आहे. त्याच्या पश्चिमेस प्रवाळाच्या भिंतीने अडविलेले उथळ, हिरवट निळे पाणी पसरलेले आहे. आपल्या भूगोलाच्या पुस्तकात त्याला खारकच्छ म्हणतात. बेटाच्या जमिनीपेक्षा या पाण्याचा विस्तार कितीतरी पट मोठा. भिंतीबाहेर मात्र समुद्र एकाएकी खोल होतो. रंगच असा बदलतो की कोणी शाईची दौत उपडी केली असे वाटावे.

आता मुख्य विषयाकडे येतो. माहितीपत्रकातील मासेमारी ती एक, आणि मिनिकॉयची मासेमारी ती दुसरी. पहिलीत होडीमागे लांब दोरीने नकली आमिष ओढीत जातात, एखादा मोठा मासा लागला की त्याला अर्धा-अर्धा तास खेळवितात, आणि छायाचित्र काढतात. मिनिकॉयचा कोळी माशाला खेळवीत नाही. मासा पाण्यातून होडीत येण्यास त्याला दोनचार क्षण पुरतात.

तो मासा म्हणजे टुना. आपल्या कोकणात ज्याला गेदर किंवा कुपा म्हणतात, त्याच कुळातला. पोटावर लांबीच्या दिशेने चारसहा काळसर रेघा असलेली त्याची एक जात आहे. तीच तेथे मुख्य. या माशाच्या अंगात इतर पुष्कळ माशांप्रमाणे हवेची पिशवी नसते. त्यामुळे थांबला की तो खाली जाऊ लागतो; जन्मभर त्याला पोहतच राहावे लागते. अशा सतत धावणाऱ्या, भुकेल्या माशांचा थवा भर समुद्रात सापडला, तरी तो होडीजवळ थांबवावयाचा कसा, हाच खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी शोधून काढले. ते उत्तर म्हणजे जिवंत आमिष.

तेथील एका शिक्षकबंधूंच्या ओळखीने मला एका होडीवर बसावयास मिळाले. शिक्षकाला शिक्षक कोठेही भेटतो, हा माझा अनुभव आहे. पहाटे होडी निघाली, परंतु बाहेर नव्हे. ती प्रथम खारकच्छाच्या आतच फिरू लागली. एका ठिकाणी थांबून त्यांनी चौकोनी जाळे तळाशी सोडले, वरून थोडे भरडलेले खाद्य टाकले, आणि बोटाएवढे चंदेरी मासे त्यावर जमताच जाळे चारी कोपऱ्यांनी अलगद उचलले. होंडेली, रेही अशी त्यांची नावे. हे मासे हाताळण्यात जी नजाकत मी पाहिली, ती एखाद्या सोनाराच्या दुकानातच पाहावयास मिळेल. जाळे पाण्याबाहेर पुरते काढावयाचे नाही, मासा हाताने धरावयाचा नाही, खवले निघता कामा नयेत. होडीच्या पोटात एक हौद असतो, आणि त्याच्या तळाला भोके पाडलेली असतात. होय, होडीच्या तळालाच भोके! मी दचकलो. परंतु त्या भोकांतून समुद्राचे ताजे पाणी आत येत-जात राहते, म्हणून आमिष जिवंत राहते. होडीचा इतर भाग फळ्यांनी बंदिस्त असतो. भोके बुजविण्यास लाकडी खुंट्याही असतात.

मग होडी भिंतीतील वाटेने बाहेर पडली. तांडेल आभाळाकडे पाहत होता. सुरय पक्षी एका ठिकाणी घिरट्या घालून पाण्यावर सूर मारताना दिसले की खाली मासा आहे असे समजावे. तेथे पोहोचताच एकाने हौदातील जिवंत मासळी मुठीमुठीने समुद्रात फेकावयास आरंभ केला, दुसऱ्याने पाण्याचे शिंतोडे उडविण्यास. पाण्यावर शिंतोड्यांचा पडदा झाला की टुनाला होडी व माणसे दिसत नाहीत. वर लहान मासळीचा मोठा थवा उसळतो आहे असा त्याचा समज होतो. होडीच्या मागच्या फळीवर ओळीने उभ्या असलेल्या गड्यांच्या हाती वेळूची एकेक काठी, तिला जेमतेम काठीएवढीच दोरी, आणि दोरीच्या टोकाला चकचकीत गळ. या गळाला उलटा काटा नसतो! त्यामुळे मासा लागताच काठी झटक्याने मागे घेतली की मासा डोक्यावरून होडीत येतो, दोर सैल पडतो, आणि गळ आपोआप सुटतो. गडी मागे वळूनही पाहत नाही. गळ पुन्हा पाण्यात, पुन्हा मासा. दोनतीन किलोंचे ते मासे फळ्यांवर असे धडधडत होते की शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येईना. आणि मग एकाएकी थवा खाली गेला. सगळे शांत. गड्यांनी काठ्या टेकल्या, कोणीतरी तोंड धुतले.

या पद्धतीत एका गळाला एक मासा, हा हिशेब सुटत नाही. कासव, डॉल्फिन, मुशीची पिल्ले त्यात सहसा सापडत नाहीत. आपल्याकडे पर्ससीन जाळ्यांनी थवेच्या थवे ओढण्यावरून किती तंटे झाले, आणि २०१६ साली महाराष्ट्र शासनास त्यावर निर्बंध घालावे लागले, हे किनाऱ्यावरच्या आपल्या आप्तांना सांगावयास नको. मिनिकॉयची ही विद्या १९६०च्या सुमारास होड्यांना यंत्रे बसू लागली त्यानंतर अगत्ती वगैरे इतर बेटांवरही पसरली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या डॉ. एस. जोन्स यांनी १९५८ मध्येच मिनिकॉयच्या या जिवंत आमिषावर शास्त्रीय निबंध लिहिला होता. मोठ्या माशाबरोबर विद्वानांचे लक्ष बोटाएवढ्या माशाकडेही तेव्हाच गेले, याचे मला कौतुक वाटते.

पकडलेला मासा सर्वच ताजा खपत नाही. त्याचे लांब तुकडे करून ते खाऱ्या पाण्यात उकडतात, नारळाच्या सोडणांच्या धुरावर धरतात, उन्हात वाळवितात, पुन्हा धूर, पुन्हा ऊन. शेवटी तो लाकडासारखा कठीण होतो. त्याला मासमीन म्हणतात, आणि तो महिनोन्‌महिने टिकतो. चौदाव्या शतकात मालदीवात राहिलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने तेथील मासा कापून, उकडून, धुरावर सुकविण्याचे वर्णन लिहून ठेविले आहे. ते वाचून मिनिकॉयला गेलेल्या माणसास कोठेच अडखळावयास होत नाही.

आता ज्यासाठी मी एवढे बोललो तो मुद्दा. टुना राहतो खोल समुद्रात, परंतु त्याची किल्ली आहे उथळ पाण्यात. आमिष नाही तर होडी बाहेर जात नाही. इंजिन, इंधन, गडी, सारे असून ती किनाऱ्यावर पडून राहते. आमिषाची काही मासळी प्रवाळाच्या फांद्यांत आसरा घेते, काही भिंतीच्या आडोशाच्या स्वच्छ पाण्यात वाढते. होंडेलीचे तर आयुष्यच मुळी काही महिन्यांचे. एक हंगाम बिघडला की पुढचा बिघडलाच. आणि प्रवाळाचे दिवस बरे नाहीत. समुद्राचे पाणी प्रमाणाबाहेर तापले की प्रवाळातील जीव आपल्या पोटातील सूक्ष्म वनस्पती बाहेर टाकतो व पांढराफटक पडतो. ताप लवकर उतरला तर तो वाचतो, नाहीतर मरतो. लक्षद्वीपमध्ये हे १९९८ साली झाले, २०१० साली झाले, २०१६ साली झाले, आणि २०२४ साली पुन्हा झाले. मधली अंतरे आपणच वजा करून पाहा. बंगारमजवळचे परळी नावाचे एक निर्जन बेट झिजून पाण्याखाली गेल्याचे २०१७ साली जाहीर झाले. ज्या प्रवाळाने बेट घडविले, त्याच्याच आडोशाने ते टिकते.

पाणी तापणे काही मिनिकॉयच्या माणसाच्या हाती नाही, ना आपल्या मंडळाच्या. परंतु प्रवाळावर पाय देणे अथवा न देणे, हे तर प्रवाशाच्या हाती आहे! २०२१ साली मिनिकॉय, सुहेली व कदमत येथे पाण्यावर खांब रोवून प्रवाशांसाठी कुटिरे उभारण्याच्या निविदा निघाल्या. २०२४ च्या जानेवारीत पंतप्रधानांच्या भेटीची छायाचित्रे प्रसिद्ध झाल्यावर तर जो तो लक्षद्वीपचे नाव घेऊ लागला. प्रवासी येऊच नयेत असे मी म्हणत नाही. बेटावरच्या मुलांना रोजगार हवा, आणि प्रत्येकाने जहाजावरच का जावे? मी शिक्षकबंधूंना हेच विचारले. ते म्हणाले, “सर, येणाऱ्याला आमचा समुद्र दिसतो. आमचे शेत दिसत नाही.” खारकच्छाकडे हात करून ते बोलत होते.

म्हणून सहलीच्या समितीस माझ्या काही सूचना आहेत. बेटावर जाण्यास लक्षद्वीप प्रशासनाचा प्रवेश परवाना लागतो. तो आधी हाती घ्यावा, मग तिकिटे काढावीत. पावसाळ्यात जाऊ नये. कोळ्यांचाही हंगाम साधारण ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंतच असतो. शंखशिंपले, प्रवाळाचा तुकडा आणू नये. प्रवाळ हा कायद्यानेही संरक्षित आहे. आणि मासेमारी पाहावयाची असेल तर मोठ्या माशाबरोबर छायाचित्र काढविण्याच्या सफरीचे पैसे वाचवून, तांडेलाच्या परवानगीने पहाटेच्या होडीत एका कोपऱ्यात बसून यावे. कामाच्या मध्ये उभे राहू नये. काठी मागे येते तेव्हा ती कोणाचे डोके आहे हे पाहत नाही. ज्यांना समुद्र लागतो त्यांनी रिकाम्या पोटी जाऊ नये, आणि भरल्या पोटीही जाऊ नये.

येताना मला त्या शिक्षकबंधूंनी मासमीनचा एक तुकडा दिला होता. तो या पिशवीत आहे. चहाच्या वेळी ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी अवश्य यावे. बालगोपाळांनी तो टेबलावर आपटून पाहण्यास माझी हरकत नाही. शाकाहारी मंडळींनी मात्र जरा दुरूनच पाहावा, कारण पिशवीला अजून धुराचा वास आहे.