सही शिकलेली बोटे



साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाला बोलायला एकदाच मिळते. उद्यापासून मी पुन्हा सोलापूरच्या पूर्व भागातली एक निवृत्त शिक्षिका. म्हणून आज आभार थोडक्यात मानते आणि कामाचे बोलते.

तीन वर्षांपूर्वी याच संमेलनाच्या छापील पत्रिकेत कायदा, मोबाइल आणि सामान्य माणूस या विषयावर माझा परिसंवाद होता. दुसरी पत्रिका आली तेव्हा तो नव्हता. तो वगळणाऱ्या कार्यकारिणीच्या बैठकीत कोण काय म्हणाले, कोण गप्प बसले आणि कोण उठून गेले, हे या सभागृहात सर्वांना ठाऊक आहे. जे उठून गेले त्यांचे ऋण मी विसरणार नाही. बाकीच्यांनी 'हा साहित्याचा विषय नाही' असा निकाल दिला. ते वाक्य मी तीन वर्षे उशाशी घेऊन झोपले आहे. आज त्याचे उत्तर देणार आहे. कृपा करून वेळेची चिठ्ठी पाठवू नका.

हे सभागृह हुतात्म्यांच्या नावाचे आहे. १९३० च्या मे महिन्यात या शहरावर लष्करी कायदा आला. 'कर्मयोगी'चे संपादक रामभाऊ राजवाडे तुरुंगात गेले. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी दिले. त्यांतले कुर्बान हुसेन स्वतः पत्रकार होते. आपण त्या चौघांच्या पुतळ्यांना हार घालून आत येतो आणि आत येऊन म्हणतो की बोलण्याचा, लिहिण्याचा, पाळतीचा कायदा हा साहित्याचा विषय नाही. मग त्या चौघांना हार तरी कशाला?

नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला दोन तरुण मुलींना अटक झाली. मुंबई बंद का पडावी, एवढा प्रश्न एकीने फेसबुकवर विचारला होता आणि दुसरीने त्याला पसंती दिली होती. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ लावले. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच घटनाबाह्य ठरवून रद्द केले. आपण सुटकेचा श्वास सोडला. पण २०२१ साली, सहा वर्षांनी, त्याच न्यायालयासमोर आले की देशभरातली पोलीस ठाणी मेलेल्या कलमाखाली अजून गुन्हे नोंदवत आहेत. न्यायमूर्तींनी धक्का बसल्याचे बोलून दाखवले. मला धक्का बसला नाही. कायदा मेल्याची बातमी इंग्रजीत निघाली. ज्याच्यावर तो चालवला जातो, त्याच्या भाषेत त्याच्या दारापर्यंत ती नेणारा कोणी नव्हता. ते काम कुणाचे? भाषेचे म्हणवून घेणाऱ्यांचे. आपले. आपण त्या सहा वर्षांत काय करत होतो? संमेलन कुठे भरवायचे यावर भांडत होतो.

आता अंगठ्याकडे येते, कारण माझे सगळे म्हणणे त्या अंगठ्यात आहे.

बोटांच्या ठशांचे शास्त्र याच देशात, याच देशातल्या माणसांवर घडले. १८५८ साली बंगालात जंगीपूरला विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारावर घेतला. पुढे करार उलटवता येऊ नये, हा हेतू. १८९७ साली कलकत्त्यात ठशांची कचेरी निघाली, जगातल्या पहिल्या कचेऱ्यांपैकी एक. आणि ही विद्या सोलापुरात कुणावर चालली? सेटलमेंटवर. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. पुढच्या सुधारणांनी तो कायदा मुंबई इलाख्यात आला, नोंदवलेल्या माणसाचे ठसे घ्यायचा अधिकार सरकारला मिळाला, आणि या शहरात तारेच्या कुंपणात माणसे ठेवली गेली. दिवसा गिरणीत राबायचे, परत येऊन हजेरी द्यायची. ज्या गिरण्यांच्या भोंग्यावर आपण कविता लिहिल्या, त्या गिरण्यांच्या सांच्यांवर कुंपणातले हात होते. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. सेटलमेंट हे नाव मात्र शहराच्या पत्त्यात राहिले.

२०२२ साली संसदेने फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा केला. अटक झालेल्या माणसाचे बोटांचे, तळहाताचे, तळपायाचे ठसे, डोळ्याच्या बुबुळाची प्रतिमा, सही, हस्ताक्षर, हे सगळे घेऊन पंचाहत्तर वर्षे जपता येते. पंचाहत्तर वर्षे! विसाव्या वर्षी संशयावरून उचललेला पोरगा पंचाण्णव वर्षांचा होईपर्यंत दप्तरात राहू शकतो. तो निर्दोष सुटला तर नोंदी नष्ट करण्याची तरतूद आहे, हे मला माहीत आहे. उद्या माझ्यावर अपुऱ्या वाचनाचा आरोप नको. पण सेटलमेंटमधल्या त्या पोराला ती तरतूद त्याला कळेल अशा शब्दांत कोण सांगणार? कुंपण काढले, हजेरीची वही मात्र दिल्लीला जाऊन मोठी झाली. 'उपरा' आणि 'उचल्या' ही अशाच जमातींतली आत्मकथने आपण पाठ्यपुस्तकात लावली, त्यांच्यावर प्रबंध लिहिले. त्या पुस्तकांतल्या माणसांच्या नातवंडांवर आजचा कायदा काय करतो, हे विचारले की तो साहित्याचा विषय उरत नाही. कसा उरत नाही?

थोडे घरचे सांगते.

माझी अम्मा विड्या वळायची. पूर्व भागातली एक खोली, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि भिजवून कापलेली पाने. बोटे दिवसभर चालत. हजार विड्या पुऱ्या झाल्याशिवाय दिवा विझत नसे. कारखान्यात माल द्यायला गेली की मुनीम काही विड्या छाट म्हणून बाजूला काढी, त्यांचे पैसे कापी आणि वहीवर तिचा अंगठा घेई. किती कापले, का कापले, हे वहीत असे. पण वही वाचायची कशी?

शेचाळिसाव्या वर्षी ती माझ्याच साक्षरता वर्गात येऊन बसली. आमच्या घरात तेलुगू बोलतात. मी विचारले, अम्मा, आधी तेलुगू शिकतेस का? ती म्हणाली, वही मराठीत आहे, मला मराठी शिकव. सात महिने लागले. पुढच्या पगाराला मुनीमने सवयीने स्टँप पॅड पुढे सरकवले. तिने ते परत सरकवले आणि पेन मागितले. सही करायच्या आधी ती ओळ तिने बोट ठेवून वाचली, आणि कापलेल्या दोनशे विड्यांचे कारण विचारले. त्या दिवशी आमच्या घरी गोड झाले. माझ्या दृष्टीने मराठी साहित्यातली ती फार मोठी सही आहे.

या अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या काळात एक पत्रक निघाले. ज्याची मातृभाषा मराठी त्यालाच अध्यक्षपद, असा मजकूर. खाली नाव नव्हते. ते कुणी लिहिले ते मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत आहे. त्यांना एवढेच सांगते की माझ्या अम्माला मराठीत सही करता येत होती. तुम्हाला तुमच्या पत्रकाखाली करता आली नाही.

अम्मा म्हातारी झाली. पन्नास वर्षे पाने आणि तंबाखू चोळून बोटांच्या रेषा गेल्या. विडी वळणाऱ्या बाईची बोटे बघा कधी, गुळगुळीत होतात, खडूसारखी. रेशन दुकानात यंत्र आले. मावशी, बोट पुसून लावा. लावले. दुसरे लावा. लावले. दहाही बोटे झाली. उद्या या. ती तीनदा गेली. तिसऱ्यांदा तिने विचारले, 'सही करते की, वही दे.' त्या यंत्रात सहीला जागा नव्हती. ज्या बाईने पॅड सरकवून पेन मागितले होते, तिला आपण पुन्हा अंगठ्यावर आणून उभे केले, आणि त्या अंगठ्यालाही नाही म्हणालो.

बोट जुळले नाही म्हणून धान्य नाकारू नये, असे केंद्राच्या अन्न खात्याने ऑक्टोबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले होते. त्याच वर्षी, २४ ऑगस्टला, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला होता. नऊ न्यायमूर्तींचा निकाल आणि खात्याचे परिपत्रक, दोन्ही माझ्या अम्माच्या बाजूचे होते. दोन्ही त्या दुकानापर्यंत आले नाहीत. माझी तक्रार यंत्राविरुद्ध नाही. यंत्राने चोरी थांबते, असे म्हणणारे प्रामाणिक लोक आहेत, मी त्यांचे ऐकते. माझी तक्रार ही की हक्क इंग्रजीत ठेवले जातात आणि अंगठा मात्र मराठीत मागितला जातो.

हे बदलता येत नाही, असे कुणी सांगू नये. या जिल्ह्यात दीडशे वर्षांपूर्वी बदलले होते. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून शेतकरी उठले आणि त्यांनी सावकारांची खते जाळली, कारण न वाचलेल्या कागदावरच्या अंगठ्याने त्यांच्या जमिनी गेल्या होत्या. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. पुणे, सातारा, अहमदनगर आणि आपले सोलापूर, या चार जिल्ह्यांसाठी. शेतकऱ्याचे खत गावपातळीवरच्या निबंधकासमोरच व्हावे, अशी तरतूद त्यात केली. न वाचलेल्या कागदावरचा अंगठा ही संमती नव्हे, हे परक्या सरकारला उमगले होते. आणि आज मोबाइलवर 'मी सहमत आहे' या चौकोनावर आपण दिवसातून पाच वेळा तोच अंगठा टेकवतो. कागद कुणी वाचला?

२०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे मला फार कौतुक नाही. त्याने माहिती अधिकाराच्या कलम ८ ला जी कात्री लावली, तिच्याविरुद्ध मी मरेपर्यंत बोलेन. ज्या महाराष्ट्राने केंद्राच्या आधी, २००२ साली, माहितीचा कायदा केला, त्याने ही कात्री निमूट पाहिली. पण त्याच कायद्यात एक ओळ सोन्याची आहे. तुमची माहिती मागणाऱ्याने ती कशासाठी हवी हे आधी सांगायचे आणि ते इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या बावीसपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय द्यायची. मराठी त्यात आहे. तेलुगू, कन्नड, उर्दू आहे. म्हणजे सोलापूरच्या रस्त्यावर ऐकू येणारी प्रत्येक मोठी भाषा आहे. आता मला सांगा, या ओळीचे सोने कोण करणार? ती सूचना विडी कामगार बाईला समजेल अशा मराठीत कोण लिहिणार? शासकीय परिभाषेतला तो दगडी मजकूर वकिलालाही पचत नाही. हे लेखकाचे काम आहे. कादंबरीइतकेच मानाचे काम आहे.

आणि आता एक तारीख. ३ ऑक्टोबर २०२४. केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपण पेढे वाटले. मीही खाल्ले. त्याच दिवशी, त्याच दिल्लीत, सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. जातीवरून कैद्यांना कामे वाटणारे तुरुंगांचे नियम घटनाबाह्य ठरवले, तुरुंगाच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितले, आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार मानणे चूक आहे असे म्हटले. ज्या शहरात सेटलमेंट आहे, त्या शहराच्या साहित्यिकांनी त्या संध्याकाळी कोणती बातमी साजरी करायला हवी होती? दोन्ही. आपण एकच केली. दुसऱ्या बातमीवर सभा घ्या म्हणून मी पाच जणांना फोन केले. दोघे आले. ते दोघे आज तिसऱ्या रांगेत बसले आहेत, त्यांना मी इथून नमस्कार करते. भाषा अभिजात झाली म्हणताना त्या भाषेतला माणूस अजून नोंदवहीत संशयित असेल, तर माझ्या लेखी तो दर्जा अर्धाच मिळाला आहे.

१९७५ साली कराडच्या संमेलनात दुर्गाबाई भागवत आणीबाणीविरुद्ध बोलल्या आणि पुढे तुरुंगात गेल्या. मी दुर्गाबाई नाही. माझ्याकडे एकच मागणी आहे आणि ती मी ठराव म्हणून मांडते. या संमेलनाने लेखक, वकील आणि कामगार बायका यांचे एक मंडळ नेमावे. रेशन, बँक, शाळा, दवाखाना, पोलीस ठाणे इथे माणसाकडून जे जे मागितले जाते, त्याचा एकेक पानाचा खुलासा त्या मंडळाने चार भाषांत लिहावा. काय द्यायचे, काय नाकारता येते, नाकारले तर कुणाकडे जायचे, एवढेच. ते पान आधी एखाद्या विडी वळणाऱ्या बाईला वाचून दाखवावे. तिला समजले तर छापावे. नाही समजले तर पुन्हा लिहावे.

आणि सुरुवात या सभागृहातून व्हावी. आज सकाळी नोंदणीच्या टेबलावर प्रत्येक प्रतिनिधीकडून मोबाइल क्रमांक आणि आधारची झेरॉक्स घेतली गेली. कशासाठी, हे तिथे लिहिलेले नव्हते आणि कुणा प्रतिनिधीने विचारलेही नाही. कवितासंग्रहाला दहा पुरस्कार मिळालेल्यांनी विचारले नाही, कायद्याच्या प्राध्यापकांनी विचारले नाही. रांग लागली आणि कागद पुढे सरकले. माझा राग टेबलावर बसलेल्या मुलांवर नाही. त्यांनी आपल्याला शोभेल असेच केले. कार्यवाह, त्या झेरॉक्स संध्याकाळच्या समारोपाआधी ज्याच्या त्याला परत मिळाल्या पाहिजेत. मग माझ्या ठरावाला हात वर करा.

माझी झेरॉक्स त्या गठ्ठ्यात शोधू नका. मी टेबलावर विचारले, ही कशाला? उत्तर आले नाही. मग मी पेन मागून घेतले, वहीतली ओळ वाचली, आणि सही केली. अम्माने केली होती तशी.