संगणक, स्मरणिका आणि आपला ‘ळ’

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात तिसऱ्या दिवशी सायंकाळी झालेल्या भाषणाचा हा मजकूर. अनेक सभासदांच्या आग्रहावरून या अंकात देत आहोत.)





कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘संगणक आणि आपण’ असा भारदस्त विषय छापला आहे. मी संगणकतज्ज्ञ नाही, हे आधीच सांगून टाकतो. नोकरीनिमित्त इकडे आलो, कारखान्यात यंत्रं सांभाळली आणि निवृत्तीनंतर खरडमध्येच राहिलो. पण मंडळाच्या स्मरणिकेचं टायपिंग आणि मुद्रितशोधन कित्येक वर्षांपासून माझ्या गळ्यात आहे. त्यामुळे संगणक माणसाला किती छळतो, या विषयावर बोलण्याचा अधिकार मला आहे, असं मी समजतो.

छळाचे प्रकार आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहेत. प्रिंटर वर्षभर गुण्यागोविंदाने चालतो आणि वर्गणीच्या पावत्या छापायच्या रात्रीच कागद गिळतो. घाईच्या वेळी संगणक सुरू करावा, तर तो म्हणतो, ‘अपडेट चालू आहे, बंद करू नका’. पासवर्ड असा ठेवायचा की कुणाला ओळखता येऊ नये. तो आपल्यालाही ओळखता येत नाही. नवा लॅपटॉप घेतला, तर त्यात सीडी घालायला जागाच नाही, आणि आपल्या मंडळाच्या जुन्या स्मरणिका सगळ्या सीडीवर! विंडोज १० ची नेहमीची मोफत देखभाल कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली आणि आपल्यापैकी अनेकांचे चांगले चालणारे संगणक एका दिवसात म्हातारे ठरले. आमच्या काळात शिवणयंत्र तीन पिढ्या चालायचं, असं आमची ही म्हणते. तिला माझ्याकडे उत्तर नाही.

पण या तक्रारी साऱ्या जगाच्या आहेत. इंग्रजीत काम करणाऱ्यालाही त्या चुकल्या नाहीत. आपली, म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहून मराठी लिहिणाऱ्यांची, एक तक्रार निराळी आहे. आज तिच्याबद्दल बोलायचं आहे.

साधारण २००६-०७ सालची गोष्ट. पुण्याहून आणलेला एक मराठी फाँट माझ्या घरच्या संगणकावर होता. त्यात सगळी स्मरणिका मी रात्री जागून टाइप केली, सीडीवर घेतली आणि बाजारातल्या एका छापखान्यात गेलो. तिथल्या सरदार ऑपरेटरने फाईल उघडली, तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं, टिंबं आणि कंस. मला वाटलं, सीडी बिघडली. तो मात्र शांतपणे म्हणाला, “फाँट नहीं है जी.”

ही भानगड काय होती, ते नंतर समजलं. त्या काळातले बहुतेक देवनागरी फाँट म्हणजे एक प्रकारचं सोंग होतं. संगणक आतमध्ये इंग्रजी अक्षरंच साठवायचा. फाँट फक्त त्यांच्यावर देवनागरीचे मुखवटे चढवायचा. उत्तर भारतात सगळीकडे चालणाऱ्या कृतिदेव पद्धतीत आपण ‘गणेश’ लिहिलं, की आत साठतं ते असं: एक्स, टिंब, के, एस, वरचा स्वल्पविराम आणि पुन्हा के. फाँट असेल तोवर तो गणेश. फाँट काढला, की बाप्पा अंतर्धान! शिवाय प्रत्येक कंपनीचे मुखवटे वेगळे. श्रीलिपीत लिहिलेलं आकृतीत वाचता येईना, आकृतीतलं कृतिदेवमध्ये येईना.

शेवटी त्या ऑपरेटरने माझ्या छापील कागदांवरून सगळा मजकूर हिंदी फाँटमध्ये नव्याने टाइप केला. बिचाऱ्याने मेहनत खूप घेतली. पण त्याने तो हिंदी समजून टाइप केला. सकाळी झालं ‘सकाली’. लोकमान्य टिळकांचं त्याने ‘तिलक’ करून टाकलं. त्याच्या दृष्टीने ती माझी चूक होती. महाप्रसादाच्या आचाऱ्यांचे आम्ही आभार मानले होते. मराठीत या शब्दातला अर्धा र डोक्यावर जात नाही, आडवा होऊन पुढच्या अक्षराला चिकटतो. तो त्याला सापडला नाही. त्यामुळे छापून आलं, ‘आचार्यांनी पुरी-भाजीची उत्तम व्यवस्था केली’. अंक हाती आल्यावर आम्ही पोट धरून हसलो. त्या वर्षी आपल्या स्वयंपाकघरात सगळे आचार्य होते!

हसणं मात्र तिसऱ्या दिवशी थांबलं. आपले एक सभासद अंक घेऊन माझ्या घरी आले. त्यांच्या आई त्या वर्षी गेल्या होत्या आणि श्रद्धांजलीच्या पानावर त्यांचा फोटो होता. आईंच्या नावात ‘ळ’ होता, छापताना त्याचा ‘ल’ झाला होता. मी म्हटलं, “माफ करा, छापखान्याची चूक आहे, पण लोकांना कळलं असेल.” ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “गावाकडे पाठवायला चार अंक घेतले होते. आता नाही पाठवत. या नावाने आमच्या आईला कुणी कधी हाक मारली नाही.”

मंडळी, ‘लोकांना कळलं असेल’ हे माझं वाक्य मला तेव्हापासून टोचतं. मुद्रितं मीच तपासली होती. ‘ल’ मला दिसला होता. पण रात्रीचे साडेअकरा वाजले होते, ऑपरेटर कंटाळला होता आणि मी स्वतःशी म्हटलं होतं, संगणकात ‘ळ’ नाही, त्याला कोण काय करणार?

आता पुढची गंमत ऐका. त्या फाँटमध्ये ‘ळ’ होता! शिफ्टची कळ धरून एक बटण दाबायचं, एवढंच काम. हिंदीत त्याची गरज पडत नाही, म्हणून ऑपरेटरला ते बटण कधी लागलं नव्हतं. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी मी त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसलो. ‘ळ’ चा उच्चार करून दाखवला. तो हसायला लागला. म्हणाला, “एह तां साड्डे वी है जी! लल्ले पैर बिंदी!” गुरुमुखीत ‘ल’ च्या पायाशी बिंदू दिला की आपला ‘ळ’ होतो. बोलताना पंजाबी माणूस हा उच्चार सर्रास करतो, लिहिताना पुष्कळदा तो बिंदू द्यायचा राहून जातो. भाजीवाला “मेरे नाळ चलो” म्हणतो, तेव्हा नीट कान देऊन ऐका. ‘नाळ’ म्हणजे सोबत. इतकी वर्षं इथे राहून माझ्या कानांना हे ऐकू आलं नव्हतं. आमचं अक्षर इथे कुणाला येत नाही, म्हणून मी तक्रार करत होतो आणि ते गल्लीगल्लीत बोललं जात होतं.

या निमित्ताने मी थोडं वाचन केलं. आपल्या भाषा संगणकावर आणण्याचं मोठं काम आयआयटी कानपूरला सुरू झालं आणि १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर ते तिथे वाढलं. त्याच सी-डॅकचं एक केंद्र आज आपल्या मोहालीत आहे. या लोकांचा विचार असा, की भारतातल्या बहुतेक लिप्या एकाच वर्णमालेच्या लेकी आहेत. क, ख, ग सगळ्यांचे सारखे. तेव्हा एका उच्चाराला सर्व लिप्यांत एकच जागा द्यावी. १९९१ साली भारतीय मानक संस्थेने हे मानक प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडने हीच मांडणी पुढे चालवली. युनिकोडमध्ये प्रत्येक लिपीला १२८ खोल्यांची एक चाळ दिली आहे, असं समजा. देवनागरीच्या चाळीत ‘ळ’ ज्या खोलीत राहतो, गुरुमुखीच्या चाळीत नेमक्या त्याच खोलीत ‘लल्ले पैर बिंदी’ राहते. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर दोघांचं बटणही एकच, शिफ्ट आणि एन.

विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय आली, तिच्यासोबत ‘मंगल’ हा फाँट आला. तो रेखाटणारे र. कृ. जोशी हे आपले मराठी कवी आणि सुलेखनकार. २००८ साली ते गेले. मधल्या काळात अडचणी कमी नव्हत्या. विंडोज एक्सपीत मराठीसाठी मूळ सीडी शोधून वेगळी सोय बसवावी लागे. सुरुवातीच्या स्मार्टफोनवर मराठी निरोपाच्या जागी नुसते चौकोन दिसत. ‘ॲ’ या अक्षराला तर युनिकोडमध्ये स्वतःची जागा २००८ साली मिळाली. पण ‘ळ’ पहिल्यापासून होता. आचाऱ्यांचा ‘ऱ’ सुद्धा होता.

मग आजही ‘सकाली’ का छापलं जातं? आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर ‘आहे’ चं ‘है’ का होतं? कारण नवीन फोन घेतल्यावर आपण भाषेच्या यादीत हिंदी निवडतो आणि पुढे जातो. मराठी त्याच यादीत थोडी खाली असते. छापखान्यात ‘कळतंय ना, मग झालं’ म्हणतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आपण पेढे वाटले. पेढ्यांच्या खोक्यावर चिकटवलेल्या कागदावर ‘सर्व मंडलींना’ असं छापलं होतं. तो कागद मी जपून ठेवला आहे. दर्जा दिल्लीहून मिळाला, पण ‘ळ’ चं बटण आपल्यालाच दाबावं लागेल.

लोकमान्यांनी हा उत्सव सार्वजनिक केला, हे आपण दरवर्षी सांगतो. त्याच लोकमान्यांनी केसरीच्या छापखान्यात देवनागरीच्या खिळ्यांची संख्या कमी कशी करता येईल, यावर डोकं लढवलं होतं, हे आपण कमी सांगतो. एवढ्या व्यापात असलेल्या माणसाला अक्षराचा खिळा क्षुल्लक वाटला नाही. आणि याच पंजाबात नामदेव महाराज येऊन राहिले. त्यांची ६१ पदं गुरु ग्रंथ साहिबात आहेत. घुमानला २०१५ साली ८८ वं साहित्य संमेलन भरलं, तेव्हा आपल्यापैकी काहीजण गेलेही होते. इथल्या लोकांनी ती पदं शतकानुशतकं हाताने उतरवून सांभाळली. उतरवताना त्यांनी ‘कळतंय ना’ म्हटलं असतं, तर आज काय उरलं असतं?

म्हणून माझ्या चार विनंत्या आहेत. एक, आज घरी गेल्यावर फोनच्या कीबोर्डमध्ये मराठी निवडा. जमत नसेल तर मागच्या रांगेतल्या मुलांना सांगा, दोन मिनिटांचं काम आहे. दोन, संगणकावर इन्स्क्रिप्ट शिका. आठवडाभर चिडचिड होईल, मग हात बसतो. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं. ‘ऱ्या’ साठी शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरकी रेघ आणि शेवटी काना. तीन, स्मरणिकेसाठी लेख पाठवताना युनिकोडमध्येच पाठवा आणि छापण्यापूर्वी निदान नावं दोन माणसांनी तपासा. चार, जुन्या सीड्यांवरच्या स्मरणिका अजून सोंगातच अडकल्या आहेत. फाँट बदलून देणारी साधनं आता मिळतात, पण नंतर एकेक ओळ डोळ्यांनी तपासावी लागते. दर रविवारी सकाळी दोन तास माझ्या घरी या. चहा आमच्याकडून, ड्राइव्ह जोडलेला एक जुना संगणक माझ्याकडे आहे. त्या अंकांत आपल्यातल्या गेलेल्या माणसांचे लेख आहेत, त्यांचे दुसरीकडे कुठेच नसलेले शब्द आहेत. सीड्या खराब होत चालल्या आहेत.

त्या सभासदांचं सांगायचं राहिलं. पुढच्या वर्षीच्या अंकात आम्ही त्यांच्या आईंची श्रद्धांजली फोटोसह पुन्हा छापली. नाव मी स्वतः टाइप केलं. ऑपरेटरने ते मोठ्याने वाचून दाखवलं, अगदी स्वच्छ ‘ळ’ उच्चारून. सभासदांना अंक दिला, तेव्हा त्यांनी आधी ते पान उघडलं, नावावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “चार अंक जास्त द्या. गावाकडे पाठवायचे आहेत.”

रविवारी वाट पाहतो.

मंगलमूर्ती मोरया!